वयाचे डाग: कोकणातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाने त्वचा काळवंडण्याला आपण ‘रापणे’ म्हणतो आणि किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला ‘रापण’. या दोन शब्दांचे मूळ एक असो वा नसो, रापण ओढणाऱ्याचे हात रापलेले असतात हे किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगावे लागत नाही. पुढील प्रश्न याच रापलेल्या हातांवर, गालांवर आणि कपाळावर उमटणाऱ्या डागांविषयी आहेत.

वयाचे डाग म्हणजे नेमके काय?

साधारण चाळिशीनंतर पंजाची मागची बाजू, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग, कपाळ, गाल, खांदे आणि पाठीचा वरचा भाग येथे सपाट, तपकिरी आणि स्पष्ट कडा असलेले ठिपके दिसू लागतात. बोलीभाषेत त्यांना वयाचे डाग, तर वैद्यकात सोलर लेंटिगो म्हणतात. ‘लेंटिगो’ या लॅटिन शब्दाचे नाते मसुराशी आहे, आणि डाग पाहिल्यावर ती उपमा पटते. मात्र काही डाग मसुराएवढेच राहतात, तर काही वाढत रुपयाच्या नाण्याएवढे होतात. ते खाजत नाहीत, दुखत नाहीत, हाताला खरखरीत लागत नाहीत आणि एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. बोट फिरवले असता डाग आणि शेजारची त्वचा यांत फरक जाणवला नाही, तर बहुधा तो याच प्रकारचा असतो.

याला ‘लिव्हर स्पॉट’ असेही म्हणतात. म्हणजे यकृत बिघडले आहे का?

नाही. पूर्वी युरोपात या डागांचा रंग यकृतासारखा दिसतो म्हणून ते नाव पडले आणि रूढ झाले. आपल्याकडे ‘पित्ताचे डाग’ म्हणून जुलाब देण्याची आणि ‘रक्त शुद्ध करणारी’ काढे-चूर्णे घेण्याची जी पद्धत आहे, तिचाही या डागांवर परिणाम होत नाही.

वय झाले की डाग येणारच. मग उन्हाला दोष कशासाठी?

याची परीक्षा प्रत्येकाला घरीच करता येते. साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या पंजाची मागची बाजू पाहावी आणि नंतर त्याच हाताच्या दंडाची आतली बाजू पाहावी. दोन्हींचे वय एकच. पण डाग पहिल्या ठिकाणी आढळतात आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ नसतात, कारण दंडाच्या आतल्या बाजूला ऊन लागलेले नसते. मुंबई–गोवा महामार्गावर वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या चालकाच्या उजव्या हातावर आणि उजव्या गालावर डाग अधिक दिसले, तर त्याचेही कारण हेच आहे, कारण खिडकीची साधी काच अतिनील ‘ब’ किरण बहुतांशी अडवते, पण अतिनील ‘अ’ किरणांतील बराच भाग आत येऊ देते.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. ऊन लागले की त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात, आणि पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरून ते आतील जनुकीय द्रव्याचे रक्षण करते. तरुणपणी हे काम गरजेपुरते चालते आणि ऊन कमी झाले की रंगही उतरतो. परंतु दशकानुदशके ऊन खाल्लेल्या त्वचेत काही ठिकाणी या पेशींची संख्या आणि त्यांचे काम कायमचे वाढते, त्या वरच्या थराची घडण बदलते आणि रंगद्रव्य तेथेच साचत राहते. म्हणून पावसाळ्यात चार महिने घरात राहिले तरी वयाचा डाग नाहीसा होत नाही. वय हे या हिशोबातील केवळ मुदत आहे. मुद्दल उन्हाचे असते.

कोकणातील ऊन इतर ठिकाणांपेक्षा वेगळे आहे का? येथे तर घाटावरच्यासारखा कडक उन्हाळा नसतो.

गैरसमज होतो तो नेमका येथेच. त्वचेवर डाग पाडणारे अतिनील किरण उष्णतेसारखे जाणवत नाहीत. विदर्भात पारा चाळिशीच्या वर गेला की माणूस आपोआप सावली शोधतो. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, अंगाला गारवा लागतो आणि माणूस दोन तास अधिक उन्हात थांबतो. तापमान कमी असले तरी सूर्य तोच आणि तितकाच उंच असतो. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतचा सारा किनारा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो: एकदा मे महिन्यात, वेंगुर्ल्यास पहिल्या आठवड्यात तर डहाणूस विसाव्या तारखेच्या आसपास, आणि दुसऱ्यांदा जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत. दुसऱ्या खेपेस बहुधा ढग असतात, पण पहिल्या खेपेस आकाश मोकळे असते, आणि नेमकी तेव्हाच आपली उन्हातली सारी कामे निघतात. हापूसची तोडणी चालू असते, खळ्यात आमसुले, साठे, फणसपोळी आणि मिरच्या वाळत असतात, मासळी सुकत घातलेली असते, आणि आगोटीच्या आधी घर शाकारून घ्यायचे असते.

समुद्राचा वाटाही लक्षात घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. त्यामुळे होडीत डोक्यावर कापड असले तरी हनुवटी, नाकाची खालची बाजू आणि मान यांना खालून ऊन लागत राहते. माडाची सावली विरळ असल्याने तिच्या भरवशावर राहू नये, आणि पातळ ढगांमधूनही किरणांचा बराच मोठा भाग खाली येतो. उन्हाची तीव्रता ओळखण्याची एक साधी खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल, तर किरण तीव्र आहेत असे समजावे.

माझ्या चेहऱ्यावर दोन्ही गालांवर तपकिरी छटा आहे. हेही वयाचेच डाग का?

बहुधा नाही, तो वांग असण्याची शक्यता अधिक आहे. वांग गालांवर, कपाळावर आणि ओठांच्या वर दोन्ही बाजूंना सारखा पसरतो, त्याच्या कडा पुसट असतात, आणि तो वीस ते पन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये विशेषतः गरोदरपणात किंवा संततिप्रतिबंधक गोळ्या चालू असताना दिसू लागतो. ‘वांग’ या शब्दाचे नाते संस्कृतमधील ‘व्यंग’ या शब्दाशी आहे, आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत क्षुद्ररोगांमध्ये त्याचे वर्णन चेहऱ्यावरील वेदनारहित, पातळ, श्याव मंडल असे केलेले आढळते. वयाचा डाग मात्र सुटा, मर्यादित आणि दोन्ही बाजूंना सारखा असेलच असे नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण वयाच्या डागावर चालणारे काही लेसर उपचार वांगावर केले तर वांग अधिक गडद होऊ शकतो.

सावळ्या त्वचेत वयाच्या डागांपेक्षा इतरच गोष्टी अधिक वेळा आढळतात आणि त्यांना सरसकट ‘वयाचे डाग’ म्हटले जाते. गालांवर आणि डोळ्यांच्या कडेला उगवणारे काळे, बारीक, उंच दाणे, तसेच पाठीवर किंवा कानशिलावर मेण थापल्यासारखे दिसणारे खरखरीत तपकिरी उंचवटे हे निरुपद्रवी मस आहेत. कोणतेही क्रीम लावून ते जात नाहीत, ते काढावे लागतात. लहानपणापासून असलेला तीळ हाही वेगळा. मानेवर आणि काखेत मळ साचल्यासारखा मखमली काळेपणा असेल आणि तो घासून निघत नसेल, तर प्रथम रक्तातील साखर तपासावी. कपाळाच्या कडेने आणि कानांपुढे राखाडी-काळी छटा पसरत असेल, तर केसांचा कलप बदलला होता का, हे आठवावे. दमट हवेत पाठीवर आणि छातीवर येणारी शिबे ही बुरशीची असतात, आणि फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. ती शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य होते आणि वेळेवर उपचार घेतल्यास हा आजार पूर्ण बरा होतो.

आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या तेलाने पडलेले डाग कोणत्या प्रकारात मोडतात?

हे डाग भाजल्याचे आहेत, आणि कोकणाबाहेरच्या पुस्तकी माहितीत त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. आंब्याच्या देठातून उडणारा चीक, तसेच काजूच्या टरफलातील तेल त्वचेला प्रथम दाह करते, कधी फोड आणते आणि दाह शमल्यावर तेथे काळा व्रण राहतो. सावळ्या त्वचेचा हा स्वभावच आहे: कोणत्याही जखमेला, भाजण्याला किंवा खाजवण्याला ती रंग सोडून उत्तर देते. असे डाग पुन्हा चीक न लागल्यास काही महिन्यांत आपोआप फिकट होतात. खोलवर गेलेले मात्र वर्षभराहून अधिक काळ राहू शकतात. तोडणी करताना देठ राखूनच फळ काढावे, चीक उडालाच तर तो न चोळता साबणाने आणि भरपूर पाण्याने लगेच धुवावा, आणि काजू सोलताना हातमोजे वापरावेत किंवा निदान हातांना तेल लावून बसण्याची जुनी रीत तरी मोडू नये.

याच प्रश्नाला जोडून सांगावेसे वाटते की मस आणि तीळ ‘जाळण्यासाठी’ बिब्बा किंवा चुना लावण्याचा प्रकार अजून चालतो. त्याने तीळ जाईल न जाईल, पण त्याच्या चौपट आकाराचा काळा व्रण हमखास राहतो. शिवाय तीळ संशयास्पद असेल तर तपासणीसाठी काही शिल्लक उरत नाही.

डाग कर्करोगाचा नाही, हे कसे ओळखावे?

वयाचा डाग स्वतः कर्करोग नसतो आणि सहसा कर्करोगात बदलतही नाही. परंतु रंगद्रव्यपेशींचा कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, सुरुवातीला साध्या डागासारखा दिसू शकतो. डागाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच डागात काळा, तपकिरी, लाल, निळसर असे अनेक रंग असणे, आकार ६ मिलिमीटरहून मोठा असणे, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत डाग बदलत जाणे, ही पाच धोक्याची लक्षणे आहेत, आणि त्यांतले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे. डागातून रक्त येणे किंवा चेहऱ्यावरची लहानशी जखम महिनाभरात न भरणे हेही डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे.

भारतीयांमध्ये मेलॅनोमा तुलनेने विरळ आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, म्हणजे जेथे आपण वयाचे डाग शोधत नाही तेथे. अनवाणी शेतात उतरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तळपायावर नवा काळा डाग किंवा एकाच नखावर रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली, तर ‘काटा रुतला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. अगदी थोड्या काळात अंगभर अनेक मस एकदम उगवले, तरीही तपासणी करून घ्यावी.

एखाद्या गोळीमुळे त्वचा काळी पडू शकते का?

होय, आणि कोकणात याचे एक ठळक उदाहरण आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी किंवा त्याच्या उपचारासाठी डॉक्सिसायक्लिन दिली जाते. या औषधामुळे काही जणांची त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, थोड्या उन्हानेही ती भाजते आणि मागे काळेपणा राहतो. पण तेवढ्यासाठी गोळी बंद करू नये. लेप्टो जीव घेऊ शकतो, डाग घेत नाही. त्या दिवसांत हात आणि मान झाकून काम करावे, एवढे पुरेसे आहे. रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायझाइड आणि हृदयाच्या ठोक्यांवरील अमिओडॅरोन यांनीही असा परिणाम होऊ शकतो. शंका असल्यास औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

डाग कमी करण्यासाठी सर्वांत आधी काय करावे?

झाकून घ्यावे. हे उत्तर ऐकून अनेकांची निराशा होते, कारण त्यांना मलमाचे नाव हवे असते. परंतु रोज ऊन लागत असताना डाग फिकट करणारे मलम लावणे म्हणजे भोक बुजवल्याशिवाय होडीतले पाणी उपसण्यासारखे आहे. याउलट, केवळ ऊन टाळल्याने काही डाग महिन्यांगणिक थोडे फिकट होतात, असलेले अधिक गडद होत नाहीत आणि नवे येण्याचे प्रमाण घटते.

कपड्यांचे संरक्षण मलमापेक्षा स्वस्त आणि भरवशाचे असते. शेतात, बागेत काम करणाऱ्या आपल्याकडील बायका पातळावर घरातल्या पुरुषाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला टॉवेल बांधतात; त्वचेच्या दृष्टीने याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही. लावणीचे इरलेही पावसासाठी असले तरी पाठ आणि मान पूर्ण झाकते. घट्ट विणीचे आणि गडद रंगाचे कापड अधिक किरण अडवते, तर भिजलेले पांढरे पातळ सुती कापड फारच कमी. टोपी घ्यायची तर चहूबाजूंनी रुंद काठाची घ्यावी. पुढे झाप असलेल्या टोपीने कान आणि मान उघडी राहतात. वाळवणे घालण्याचे आणि काढण्याचे काम सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर करता आले, तर निम्मा प्रश्न सुटतो.

सनस्क्रीन कोणते घ्यावे आणि किती लावावे? घामाने ते टिकत नाही.

एसपीएफ (अतिनील ‘ब’ किरणांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा) ३० किंवा त्याहून अधिक, आणि अतिनील ‘अ’ किरणांपासूनही संरक्षण देणारे घ्यावे. पाकिटावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीए आणि त्यापुढे अधिकची तीन-चार चिन्हे असतात. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के अतिनील ‘ब’ किरण अडवते. त्यामुळे आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा ते पुरेसे लावणे अधिक महत्त्वाचे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढल्या तर जेवढे मलम होते, तेवढे चेहरा आणि मान यांना लागते. रोज लावूनही ५० ग्रॅमची नळी सहा महिने पुरत असेल, तर आपण ते लावत नसून दाखवत आहोत असे समजावे.

उन्हात निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि उघड्यावर काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. होडीवर, रापण ओढताना किंवा मिठागरात हे जमणे कठीण आहे, हे मान्य करायला हवे. तेथे पाण्याने न जाणारे सनस्क्रीन नाक, गाल आणि कानांपुरते लावून बाकीचे अंग कपड्याने झाकावे. वांग किंवा गडद डाग असलेल्यांनी त्वचेच्या रंगाची छटा असलेले, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन निवडावे, कारण आपल्यासारख्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवते, पण उन्हापासून पुरेसे संरक्षण देत नाही.

आयुष्य उन्हात गेले. आता पासष्टीत जपून काय उपयोग?

उपयोग आहे. पुढची वीस वर्षे ऊन लागतच राहणार असते, आणि वयानुसार त्वचेची दुरुस्तीची क्षमता कमी होत जाते.

लिंबू, हळद, कोकम, तांदळाचे पीठ, बटाटा यांपैकी कशाने डाग जातात?

लिंबू कधीही लावू नये, आणि लावून उन्हात तर मुळीच जाऊ नये. लिंबाच्या सालीतील आणि रसातील काही द्रव्ये ऊन मिळताच त्वचेला भाजतात, आणि रस ओघळला त्या रेषेत काळे पट्टे उमटतात. बावचीच्या बियांचेही तसेच. कोडावर वैद्याच्या देखरेखीखाली ती उन्हासोबत वापरली जाते ती याच गुणासाठी, म्हणून डागावर ती उलट काम करते. कोकमाचे आगळ आम्लधर्मी आहे, त्याचा मान सोलकढीत. हळद, बेसन, मुलतानी माती आणि चंदन यांनी त्वचा स्वच्छ वाटते आणि हळदीचा पिवळेपणा काही काळ डाग लपवतो, यापलीकडे वयाच्या डागावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. तांदळाच्या पिठाने किंवा नारळाच्या शेंडीने जोरात घासणे मात्र हानिकारक आहे, कारण घर्षणानेही रंग वाढतो.

घरगुती उपायांची चेष्टा करण्याचा येथे हेतू नाही. आज डॉक्टर वापरतात त्यांतील कोजिक आम्ल जपानमध्ये तांदूळ आंबवणाऱ्या बुरशीपासून मिळाले, आणि ॲझेलेक आम्लाच्या या उपयोगाचा शोध आपल्या अंगावर शिबे उठवणाऱ्या बुरशीच्या अभ्यासातून लागला: शिबे फिकट का दिसतात, याचा माग काढता काढता ते द्रव्य हाती लागले. फरक एवढाच की मलमात त्याचे प्रमाण मोजलेले असते आणि वाटीतल्या लेपात नसते.

दुकानदाराने दिलेल्या क्रीमने पंधरा दिवसांत चेहरा उजळला. ते चालू ठेवावे का?

इतक्या लवकर उजळणे हीच चिंतेची बाब आहे. अशा क्रीममध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ आणि लव येते, आणि क्रीम थांबवताच आग होऊन काळेपणा पूर्वीपेक्षा वाढतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत टाकली, तरी ती आजही सहज मिळतात. बरेच दिवस लावत असाल तर एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावे.

पाकिटावर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली ‘गोरे करणारी’ क्रीम त्याहून वाईट, कारण त्यांत पारा असू शकतो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अशी डबी आखातातून कोणी नातेवाइकाने प्रेमाने आणलेली असली, तरीही वापरू नये.

डॉक्टर कोणती औषधे देतात आणि फरक पडायला किती काळ लागतो?

रात्री लावण्याचे ट्रेटिनॉइन त्वचेच्या पेशींची उलाढाल वाढवते, तर हायड्रोक्विनोन, ॲझेलेक आम्ल आणि कोजिक आम्ल रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेला अडथळा करतात. ट्रेटिनॉइनने पहिले काही आठवडे त्वचा कोरडी होते आणि सोलते. म्हणून ते मटारच्या दाण्याएवढे आणि एक दिवस आड सुरू करतात, आणि गरोदरपणात देत नाहीत. हायड्रोक्विनोन परिणामकारक आहे, पण ते काही महिन्यांपुरते आणि देखरेखीखालीच वापरायचे असते. वर्षानुवर्षे लावल्यास काहींच्या त्वचेवर निळसर-काळी कायमची छटा येते, आणि ती घालवणे मूळ डागापेक्षा कितीतरी कठीण असते. फरक दिसण्यास किमान दोन ते तीन महिने लागतात, अनेकदा सहा. डाग पूर्ण पुसला जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. तो शेजारच्या त्वचेत मिसळून गेला, तर उपचार यशस्वी झाले असे मानतात.

लेसरने किंवा गोठवून डाग कायमचे जातात का?

हे उपचार मलमांपेक्षा जलद काम करतात. क्यू-स्विच्ड लेसरच्या अतिसूक्ष्म काळाच्या झोतांनी रंगद्रव्याचे कण फुटतात, डागावर पातळ खपली धरते आणि ती आठ-दहा दिवसांत पडते. गोठवण्याच्या पद्धतीत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रव नायट्रोजन काही क्षण लावतात. रंगद्रव्याच्या पेशी थंडीला इतर पेशींपेक्षा लवकर बळी पडतात, म्हणून ही पद्धत चालते. पण याच कारणाने सावळ्या त्वचेवर काळ्या डागाच्या जागी पांढरा डाग राहण्याचा धोका असतो. लेसरचा धोका उलटा आहे: उपचारानंतरच्या दाहाने जागा काही महिने अधिक काळी पडू शकते. म्हणून सावळ्या त्वचेवर काम करण्याचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे, आधी एका लहान, सहज न दिसणाऱ्या डागावर चाचणी घेण्याचा आग्रह धरावा, आणि ब्युटी पार्लरमधील सवलतीला भुलू नये. संशयास्पद डाग तपासल्याशिवाय लेसरने काढू देऊ नये.

वेळही महत्त्वाची आहे. रापलेल्या त्वचेवर लेसर करत नाहीत, आणि नंतर कित्येक आठवडे ऊन टाळावे लागते. त्यामुळे आंब्याच्या हंगामात हे उपचार घेणे व्यर्थ होय. मच्छीमार बांधवांना १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सोयीचा पडावा. ‘कायमचे’ हा शब्द मात्र येथे लागू होत नाही. काढलेला डाग गेला तरी ऊन तसेच राहिले तर शेजारी दुसरा येतो.

एवढे झाकून घेतले तर ड जीवनसत्त्व कमी पडणार नाही का?

घराबाहेर वावरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे भय सहसा अनाठायी असते, कारण प्रत्यक्षात कोणीही सनस्क्रीन इतके काटेकोर लावत नाही. बांगडा, पेडवे यांसारख्या तेलकट मासळीतूनही काही प्रमाणात ड जीवनसत्त्व मिळते. शंका असल्यास रक्त तपासून गोळी घेणे सोपे आहे. त्यासाठी चेहरा उन्हात धरण्याची गरज नाही.

डाग काढलेच पाहिजेत का?

मुळीच नाही. निदान पक्के झाले आणि मनाला खुपत नसेल, तर उपचारांची आवश्यकता उरत नाही. लग्नकार्याच्या तोंडावर घाईने काही करण्यापेक्षा काही न करणे केव्हाही चांगले.

आमच्या गावात त्वचारोगतज्ज्ञ नाहीत. कोठे दाखवावे आणि जाताना काय न्यावे?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि सिंधुदुर्गातील अनेक रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही जातात. प्रवास शक्य नसल्यास ई-संजीवनी या शासकीय दूरवैद्यक सेवेवरून प्राथमिक सल्ला मिळू शकतो. मात्र बदलणारा किंवा रक्त येणारा डाग प्रत्यक्षच दाखवावा, कारण डॉक्टर त्याकडे डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहतात आणि गरज वाटल्यास तुकडा काढून तपासायला पाठवतात.

जाताना चेहऱ्यावर पावडर किंवा क्रीम लावू नये. आजवर वापरलेल्या सगळ्या क्रीमच्या नळ्या आणि डब्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवावी, आणि शक्य असल्यास डागाशेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून दर महिन्याला दिवसाच्या उजेडात पडवीत काढलेली छायाचित्रे मोबाइलमध्ये असावीत. डाग कधीपासून आहे, हे बहुतेकांना नीट आठवत नाही. अशा वेळी जुन्या लग्नाच्या अल्बममधील एखादा फोटोही डॉक्टरांना उपयोगी पडतो.